“डोक्यात काही राहत नाही”: स्तनाच्या कर्करोगातून बऱ्या झालेल्या स्त्रियांच्या विस्मरणावर नर्सिंगचं संशोधन कसं करावं

फॉलोअपच्या ओपीडीत डॉक्टर विचारतात, “काही त्रास?” बाई म्हणते, “नाही.” मग ड्रेसिंगच्या टेबलापाशी किंवा इंजेक्शन रूममध्ये ती सिस्टरला हळूच सांगते. गॅसवर दूध ठेवलं की विसरायला होतं. बोलता बोलता शब्द सापडत नाही. दुकानातला हिशेब दोनदा करावा लागतो. ही तक्रार सगळ्यांत आधी नर्सच्या कानावर पडते, त्यामुळे या विषयातलं बरंचसं मूळ काम नर्सेसनीच केलेलं आहे यात नवल नाही. मिशिगन विद्यापीठाच्या बर्नाडिन सिम्प्रिच, पिट्सबर्गच्या कॅथरीन बेंडर, इंडियाना आणि नंतर ओहायो स्टेट विद्यापीठात काम करणाऱ्या डायन व्हॉन आ या तिघीही नर्सिंगच्या.

एम.एस्सी. नर्सिंगचा प्रबंध, पीएच.डी.चा पहिला टप्पा किंवा स्वतःच्या वॉर्डातला छोटा अभ्यास करणाऱ्यांसाठी हे मार्गदर्शन आहे. यातली एक गोष्ट धरून ठेवली तर बाकीचं आपोआप सुटत जातं: बाईची तक्रार आणि चाचणीतले गुण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बऱ्याच अभ्यासांत त्यांचा आपसांत फार कमी संबंध दिसतो. तक्रार असूनही चाचणी ‘नॉर्मल’ आली म्हणजे बाई खोटं बोलते असा अर्थ होत नाही. शांत खोलीत, एका वेळी एकच काम देऊन, दहा मिनिटं घेतलेली चाचणी आणि कुकरच्या शिट्ट्या मोजत, मुलाचा डबा भरत, फोनवर बोलत चाललेला स्वयंपाक, यांत मेंदूवर पडणारा ताण सारखा नसतो. म्हणून दोन्ही मोजा आणि दोन्ही वेगवेगळे मांडा.

आधी काय ठाऊक आहे

या विस्मरणाला ‘केमो ब्रेन’, म्हणजे किमोथेरपीने मंदावलेलं डोकं, म्हणतात, पण नाव दिशाभूल करणारं आहे. सिम्प्रिच यांच्या कामात लक्ष देण्याची क्षमता शस्त्रक्रियेच्या आधीच, म्हणजे किमोचा थेंबही शरीरात जाण्यापूर्वी, थकलेली दिसली. निदानाची भीती, उडालेली झोप आणि खुद्द आजार यांचा त्यात वाटा असतो. दुसरीकडे किमोचा परिणामही खरा आहे. अमेरिकेत २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ५८१ रुग्ण आणि कर्करोग नसलेल्या ३६४ स्त्रियांना विस्मरणाच्या तक्रारींची एकच प्रश्नावली दिली होती. किमोच्या आधीपासून ती संपेपर्यंत लक्षणीय घसरण सांगणाऱ्या रुग्ण ४५.२ टक्के होत्या, तर निरोगी गटात १०.४ टक्के. सहा महिन्यांनंतरही हे आकडे ३६.५ आणि १३.६ टक्के राहिले. निरोगी गटातल्या त्या दहा-तेरा टक्क्यांकडे नीट पाहा. तुलनेचा गट नसता तर ही घसरणही किमोच्याच खात्यात गेली असती.

प्रश्न लहान ठेवा

“स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांमधील बोधात्मक समस्यांचा अभ्यास” हा प्रश्न नव्हे, ते फक्त शीर्षक झालं (बोधात्मक म्हणजे लक्ष, आठवण, विचार यांच्याशी संबंधित). प्रश्न असा असावा: “प्राथमिक उपचार संपून ६ महिने ते ५ वर्षं झालेल्या, ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांनी सांगितलेल्या विस्मरणाच्या तक्रारींचा थकवा, झोप आणि मनःस्थिती यांच्याशी किती संबंध आहे?” यात कोण, कधी आणि काय मोजायचं हे सगळं ठरलेलं आहे. वर्षभरात एका विद्यार्थिनीला एकटीने पेलेल असा हा अभ्यास आहे. ०.३ एवढा सहसंबंध ८० टक्के शक्तीने (खरा संबंध असेल तर तो सापडण्याची शक्यता) आणि ५ टक्के सार्थकता पातळीला (नसलेला संबंध दिसण्याची शक्यता) पकडायचा तर ८५ स्त्रिया लागतात. दहा टक्के फॉर्म अपुरे राहतील असं धरून ९५ घ्या.

दोन गटांची तुलना करायची असेल आणि अर्ध्या प्रमाण विचलनाचा (गुण सरासरीभोवती किती पसरतात त्याचं माप) फरक शोधायचा असेल, तर प्रत्येक गटात ६४ लागतात. पुन्हा चाचणीला न येणाऱ्या २० टक्के धरल्या तर ८०. “मागच्या बॅचने ६० घेतले होते” हे नमुन्याच्या आकाराचं कारण होऊ शकत नाही, आणि एथिक्स कमिटीत ते टिकतही नाही.

सहा महिने थांबायचं कशासाठी? किमो संपल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत हिमोग्लोबिन कमी असतं, स्टिरॉइड नुकतंच थांबलेलं असतं, रेडिएशन चालू असतं. बऱ्याच बायका रेडिएशनला ‘लाईट’ किंवा ‘शेक’ म्हणतात, तेव्हा इतिहास घेताना हेच शब्द वापरा. अशा काळात चाचणी घेतली तर मोजला जातो तो ताजा थकवा. टॅमॉक्सिफेन, लेट्रोझोल किंवा अ‍ॅनास्ट्रोझोलच्या गोळ्या (हार्मोनवरचे उपचार) चालू असलेल्यांना मात्र वगळू नका. त्या पाच ते दहा वर्षं चालतात, वगळलं तर गटात कुणी उरणारच नाही. कोणती गोळी, किती महिन्यांपासून आणि पाळी कधी बंद झाली एवढी नोंद हवी. चाळिशीच्या आत किमोने अचानक पाळी गेलेल्या बाईचं विस्मरण आणि पन्नाशीत सावकाश पाळी गेलेल्या बाईचं विस्मरण एकाच रकान्यात घालता येत नाही.

कुणाला घ्यायचं, कुणाला नाही

मेंदूत पसरलेला आजार, डोक्याला दिलेलं रेडिएशन, पक्षाघात, फिट्स, बेशुद्ध होण्याइतकी डोक्याची जुनी इजा आणि कर्करोगाच्या आधीपासूनचा गंभीर मानसिक आजार या कारणांसाठी वगळणं योग्य. नैराश्य किंवा चिंता आहे म्हणून मात्र वगळू नका. ते मोजा आणि विश्लेषणात घ्या. नाहीतर ज्या बायकांसाठी हा सगळा खटाटोप आहे त्याच बाहेर राहतील.

केस पेपरमधून तीन महिन्यांच्या आतले तीन रिपोर्ट उतरवा: हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), बी-१२. बी-१२ला आपल्याकडे विशेष महत्त्व आहे. शाकाहारी घरांत ते कमी असणं अगदी सामान्य आहे, आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल तर ते आणखी उतरतं. बी-१२ कमी असलेल्या बाईचं विस्मरण किमोच्या नावावर लिहिणं ही संशोधनातली चूक तर आहेच, पण त्या बाईचा साधा उपचारही त्यामुळे राहून जातो. औषधांची पूर्ण यादी घ्या. हातापायांच्या मुंग्यांसाठी दिलेलं गॅबापेंटिन किंवा प्रीगाबॅलिन, झोपेसाठी दिलेली अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम, दुखण्यासाठी दिलेलं अ‍ॅमिट्रिप्टिलिन ही सगळी औषधं डोकं जड करतात. “झोपेची गोळी काल रात्री घेतली का?” हा प्रश्न चाचणीच्या दिवशी विचारायलाच हवा.

शिक्षणाच्या रकान्यात ‘शिक्षित’ किंवा ‘अशिक्षित’ लिहू नका. “शाळेत किती इयत्तांपर्यंत गेलात?” विचारा आणि आकडा लिहा. दहावीला तीनदा बसलेलीचं शिक्षण १० वर्षं, १२ नव्हे. चौथीपर्यंत शिकून नंतर चाळीस वर्षं पेन न धरलेली बाई आणि चौथीपर्यंतच शिकून रोज दुकानाचा हिशेब लिहिणारी बाई यांत फरक आहे, म्हणून “रोज वाचन-लेखन होतं का?” हा एक प्रश्न जोडा. चाचणीच्या गुणांवर वय आणि शिक्षणाचा प्रभाव इतका मोठा असतो की किमोचा परिणाम त्याखाली सहज झाकला जातो.

तुलनेचा गट कुठून आणायचा

रुग्णाची सख्खी बहीण सोपी वाटते, पण तिच्यात तीच आनुवंशिकता असू शकते आणि स्वतःलाही होईल ही भीती असते. हॉस्पिटलच्या स्टाफमधल्या स्त्रिया जास्त शिकलेल्या निघतात. आमच्या मते जाऊ किंवा नणंद हा उत्तम पर्याय आहे. घर, खाणंपिणं, कामाचा बोजा सारखा, वय आणि शिक्षण जवळपासचं, शिवाय जावेशी रक्ताचं नातंही नसतं. मात्र रुग्णासोबत रात्रभर प्रवास करून आलेल्या जावेची चाचणी त्याच सकाळी घेऊ नका. जमलं तर दुसराही एक गट करा: शस्त्रक्रिया आणि गोळ्या झाल्या पण किमो लागली नाही अशा रुग्ण स्त्रियांचा. आजाराचा परिणाम आणि किमोचा परिणाम वेगळा करण्याची ती चांगली वाट आहे.

साधनं निवडताना

पहिला मोह मोका किंवा एमएमएसईचा होतो. वेळ कमी लागतो, गुण तीसपैकी, मार्गदर्शकांनाही ओळखीच्या. पण या चाचण्या स्मृतिभ्रंश ओळखण्यासाठी तयार झाल्या आहेत. पन्नाशीची, बँकेत नोकरी करणारी बाई त्यांत २८-२९ गुण मिळवते आणि तरीही कामावर चुका होतात म्हणून रडते. मोजपट्टीच जाड असेल तर बारीक फरक दिसत नाही. मोकासाठी आता प्रशिक्षण आणि प्रमाणपत्रही लागतं.

तक्रार मोजायला फॅक्ट-कॉग ही ३७ प्रश्नांची, मागच्या सात दिवसांवर आधारलेली प्रश्नावली सर्वांत जास्त वापरली जाते. ती ज्यांच्या मालकीची आहे त्या फॅसिट संस्थेकडून परवानगी आणि हवी त्या भाषेतली अधिकृत प्रत मागवा. इंटरनेटवर सापडलेली पीडीएफ छापून वापरू नका. प्रश्नावली दोनच मिनिटांत हवी असेल तर ईओआरटीसी या युरोपीय कर्करोग संशोधन संस्थेच्या क्यूएलक्यू-सी३० या जीवनमानाच्या प्रश्नावलीतले २० आणि २५ क्रमांकाचे प्रश्न बोधात्मक कार्याचे आहेत, आणि ही प्रश्नावली मराठीत मिळते. गुण काढायची रीत: दोन उत्तरांची सरासरी काढा, तिच्यातून १ वजा करा, ३ने भागा, तो आकडा १मधून वजा करून १००ने गुणा. उत्तरं २ आणि ३ असतील तर सरासरी २.५, म्हणून गुण ५०. इथे जास्त गुण म्हणजे चांगली स्थिती. फॅक्ट-कॉगमध्येही तसंच. पण पीएचक्यू-९ मध्ये जास्त गुण म्हणजे जास्त नैराश्य. ही दिशा विसरली की सहसंबंधाचं चिन्ह उलटं वाचलं जातं आणि निष्कर्षच फिरतो.

सोबत मोजायच्या गोष्टी: नैराश्यासाठी पीएचक्यू-९ (० ते २७, सीमारेषा १०), चिंतेसाठी जीएडी-७ (० ते २१), झोपेसाठी पीएसक्यूआय (० ते २१, ५च्या वर गेलं तर झोप खराब), थकव्यासाठी फॅसिट-एफ (१३ प्रश्न, ० ते ५२, जास्त म्हणजे चांगलं). एक बारकावा असा की पीएचक्यू-९ मधला सातवा प्रश्न एकाग्रतेचाच आहे. त्यामुळे नैराश्य आणि विस्मरण यांचा संबंध थोडा कृत्रिमपणे वाढतो. विश्लेषण एकदा हा प्रश्न धरून आणि एकदा काढून करा, आणि दोन्ही आकडे द्या.

प्रत्यक्ष चाचण्यांसाठी २०११ साली आंतरराष्ट्रीय बोध-कर्करोग कृतिगटाने शब्द शिकण्याची, आकडे-अक्षरं जोडत जाण्याची आणि ठरावीक अक्षराने सुरू होणारे शब्द सांगण्याची अशा तीन चाचण्या सुचवल्या. तशाच्या तशा इंग्रजीतून उचलल्या तर आपल्याकडे अडतं. ए-बी-सी न येणारी बाई ‘१-ए-२-बी’ जोडू शकत नाही, आणि त्यात तिचा मेंदू कुठेच कमी पडलेला नसतो. त्याऐवजी रंगांवर चालणारी कलर ट्रेल्स घ्या. तिच्यातले आकडे इंग्रजी वळणाचे असतात, म्हणून सुरू करण्याआधी १ ते २५ वाचून घ्या. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेची २००४ची चाचणीमाला आपल्यासाठी सर्वांत जवळची, कारण तिची मानकं (निरोगी लोकांचे तुलनेसाठीचे गुण) भारतीय आहेत आणि वय, लिंग व शिक्षणानुसार दिलेली आहेत. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला सहसंशोधक म्हणून पहिल्या दिवसापासून घ्या. चाचणी देण्याचं प्रशिक्षण त्यांच्याकडूनच घ्या आणि पहिल्या दहा चाचण्या त्यांच्यासमोर द्या.

शब्दांची यादी स्वतः बदलू नका. ‘पोळी’च्या जागी ‘चपाती’ केलं की मानकांशी तुलना संपली. स्वतःचीच यादी करणं भाग असेल तर तुलनेचा गट अनिवार्य होतो. मग शब्द दोन-तीन अक्षरी, विदर्भात, कोकणात आणि मराठवाड्यात सारखेच कळणारे घ्या, एकमेकांशी यमक जुळणारे टाळा, आणि ‘सुई’, ‘गाठ’, ‘रक्त’ यांसारखे शब्द पूर्ण टाळा. या बायकांच्या मनात हे शब्द वेगळ्याच कारणाने पक्के बसलेले असतात.

शब्द सांगण्याच्या चाचणीत नियम आधी लिहून ठेवा. ‘क’ दिला तर ‘काकडी’, ‘किल्ला’, ‘कुदळ’ चालतील का, की फक्त ‘कमळ’, ‘कपडा’? बहुतेकींना क म्हटलं की बाराखडी आठवते, म्हणून सगळे स्वर चालतील असं ठरवणं सोयीचं. विशेषनामं आणि ‘करणे, करते, केलं’ सारखी एकाच शब्दाची रूपं मोजू नयेत. प्राण्यांची नावं ६० सेकंदांत सांगायला लावली तर ‘गाय, बैल, वासरू’ हे तीन मोजायचे की एक, हेही पहिल्या चाचणीच्या आधी ठरवा. चाळिसाव्या बाईच्या वेळी ठरवलं तर आधीच्या एकोणचाळीस जणींवर अन्याय होतो.

भाषांतर करावं लागलं तर

अधिकृत मराठी प्रत नसेल तर मालकांच्या परवानगीने दोघांनी स्वतंत्रपणे मराठी करावं, मग दोन्ही मिळून एक प्रत, मग मूळ न पाहिलेल्या दोघांनी ती उलट इंग्रजीत करावी, मग सर्वांनी बसून तपासावं. शेवटी ५ ते १० रुग्ण स्त्रियांना एकेक प्रश्न वाचून दाखवून विचारा, “यातून तुम्हाला काय समजलं, तुमच्या शब्दांत सांगा.” बहुतेक चुका इथेच सापडतात. इंग्रजीत डोक्यात धुकं साचतं, मराठीत डोकं जड होतं, बधिर होतं, सुन्न होतं. ‘मेंदू काम करत नाही’ असं लिहिलं तर बाईला आपल्याला वेडी ठरवताहेत असं वाटतं आणि ती ठामपणे ‘अजिबात नाही’वर खूण करते. ‘डोकं नेहमीसारखं चालत नाही’ म्हटलं तर तीच बाई खुलून बोलते. वर्तमानपत्र वाचण्याबद्दलचा प्रश्न न वाचणाऱ्या बाईला निरर्थक वाटतो. तिथे टीव्हीचा अर्धा भाग आहे, त्यावर उत्तर घ्या, पण प्रश्न स्वतःच्या मनाने बदलून विचारू नका.

चाचणीचा दिवस

किमो किंवा स्कॅनचा दिवस नको. रिपोर्टची वाट पाहण्याचा दिवस तर नकोच. तपासणी होऊन “सगळं ठीक आहे” ऐकल्यानंतरची वेळ सर्वांत चांगली. सकाळी ११च्या आत घ्या आणि सगळ्यांची साधारण त्याच वेळेला घ्या. खोलीला दार हवं. चष्मा आणला आहे का विचारा. विसरणाऱ्या इतक्या असतात की +१.५, +२ आणि +२.५चे तीन चष्मे स्वतःच ठेवा. चहा-नाश्ता झालेला हवा. सोबतचे नवरे, मुलं बाहेर बसतील. आत बसले की ते खुणा करतात, नाहीतर “ती नेहमीच विसरते” असं म्हणून चाचणी बिघडवतात.

क्रम असा ठेवा. आधी संमती आणि तक्रारीची प्रश्नावली, कारण चाचणीत अडखळल्यानंतर बाई स्वतःला नेहमीपेक्षा वाईट मोजते. मग शब्द शिकण्याची चाचणी: १५ शब्द, सेकंदाला एक या वेगाने, पाच वेळा वाचायचे आणि दर वेळी आठवतील तेवढे सांगायला लावायचे. मग दुसरी यादी एकदा, आणि लगेच पहिलीची आठवण. बाई जे बोलेल ते त्याच क्रमाने लिहा. पुन्हा सांगितलेले आणि यादीत नसलेले शब्दही लिहा. “छान!”, “अजून आहेत हं” असं काही म्हणू नका. नर्सला हे सर्वांत जड जातं, कारण धीर देणं हातात मुरलेलं असतं. प्रत्येक बाईला सारखंच एक वाक्य ठरवा: “ठीक आहे, पुढे जाऊ.”

आता २० मिनिटांचा अवकाश. त्यात शब्दांची कुठलीही चाचणी घालू नका, नवे शब्द जुन्या शब्दांत मिसळतात. इथे कलर ट्रेल्स आणि आकडे-खुणांची चाचणी घ्या. उरलेल्या वेळात रक्तदाब (शस्त्रक्रिया झालेल्या बाजूच्या हातावर नाही), वजन, दोन्ही हातांचा घेर आणि बोटांची संवेदना तपासा. ही मोजमापं वेळ घालवण्यापुरती नाहीत. पॅक्लिटॅक्सेल या किमोच्या औषधाने बोटं बधिर झालेली किंवा कामाच्याच हाताला सूज असलेली बाई पेन सावकाश चालवते. तिचे कमी गुण ‘विचारांची गती मंद’ असे नोंदले जातात, अडचण मात्र बोटांत असते. अशा बाईसाठी खुणांना तोंडी उत्तर देण्याची ९० सेकंदांची चाचणी आधीच ठरवून ठेवा.

२० मिनिटांनंतर उशिराची आठवण (पहिल्या यादीतले शब्द पुन्हा सांगणं) आणि ओळख (वाचून दाखवलेल्या शब्दांतून त्या यादीतले निवडणं). मग दहा मिनिटं विश्रांती, चहा. त्यानंतर आकड्यांची सुलट-उलट पुनरावृत्ती, प्राण्यांची नावं, आणि मनःस्थिती, झोप, थकवा यांच्या प्रश्नावल्या. सगळं मिळून ७५ ते ९० मिनिटं. एकाच बाईची पहिली आणि दुसरी फेरी शक्यतो एकाच व्यक्तीने घ्यावी.

सर्वांत जास्त होणारी चूक

एकच गट, पूर्वचाचणी, चार आठवड्यांचा ‘नियोजित शिक्षण कार्यक्रम’, उत्तरचाचणी, आणि निष्कर्ष: कार्यक्रम अत्यंत प्रभावी. तीच यादी दुसऱ्यांदा ऐकली की कुणाचेही गुण वाढतात. सरावाचा हा परिणाम कार्यक्रमाच्या नावावर लिहिला जातो. त्यावर दोन उपाय आहेत: दुसऱ्या फेरीला समांतर (तितकीच अवघड, पण वेगळ्या शब्दांची) यादी, आणि त्याच अंतराने दोनदा तपासलेला तुलनेचा गट.

एकेका बाईत खरा बदल झाला का, हे पाहायला विश्वसनीय बदलाचा निर्देशांक काढा. समजा, उशिराच्या आठवणीचं प्रमाण विचलन ३ शब्द आणि पुनर्चाचणी विश्वसनीयता (पुन्हा घेतल्यावर गुण किती जुळतात) ०.७० आहे. मोजमापाची प्रमाण त्रुटी ३ × √०.३ म्हणजे १.६४, आणि फरकाची त्रुटी तिला √२ने गुणून २.३२. ९० टक्के खात्रीसाठी १.६४५ने गुणलं की ३.८ येतं. म्हणजे ४ किंवा अधिक शब्दांचा फरक असेल तरच ‘बदल’ म्हणायचं. दोन शब्द कमी आले म्हणून बाईला घाबरवायचं नाही.

‘बिघाड’ कशाला म्हणायचं तेही आधी ठरवा. कृतिगटाचा निकष असा: एका चाचणीत −२ किंवा त्याखाली, किंवा दोन चाचण्यांत −१.५ किंवा त्याखाली प्रमाणित गुण (सरासरीपासून किती प्रमाण विचलनं दूर). निम्हान्सच्या मानकांत १५व्या शततमकाखाली कमतरता धरतात, म्हणजे प्रत्येक चाचणीत शंभर निरोगी स्त्रियांपैकी पंधरा तशाच खाली येणार. चाचण्या वाढवल्या की योगायोगही वाढतो. पाच स्वतंत्र चाचण्या असतील तर निरोगी बाई एखाद्या तरी चाचणीत −२च्या खाली जाण्याची शक्यता सुमारे ११ टक्के, दहा असतील तर सुमारे २१ टक्के. म्हणून तीन-चार चाचण्या नीट घ्या. वेळ मोजणाऱ्या चाचणीत चिन्ह उलटं करा: सरासरी ७० सेकंद, विचलन २०, बाईला लागले ९५, तर गुण −१.२५.

कार्यक्रम देणार असाल तर

सुडोकूचं पुस्तक वाटणं हा हस्तक्षेप नव्हे. खेळात सराव झाला की खेळ सुधारतो, स्वयंपाकघरात फरक पडेलच असं नाही. व्हॉन आ यांच्या २०१२च्या अभ्यासात ८२ स्त्रिया तीन गटांत होत्या: स्मृतीचं प्रशिक्षण, माहिती झटपट टिपण्याचं प्रशिक्षण, आणि प्रतीक्षेतला गट. छोट्या गटांत एकेक तासाची दहा सत्रं, सहा ते आठ आठवड्यांत. दोन्ही प्रशिक्षणांनी स्त्रियांना स्वतःत फरक जाणवला, आणि गतीच्या प्रशिक्षणाचा फायदा स्मृतीलाही झाला. सिम्प्रिच यांनी २००३ साली १५७ स्त्रियांमध्ये त्याहून साधा उपाय तपासला: आठवड्याला १२० मिनिटं झाडं, बाग, पाणी, आकाश यांच्या सहवासात. शस्त्रक्रियेनंतर या गटाचं लक्ष जास्त सावरलेलं दिसलं. खर्च नाही, यंत्र नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी करून पाहण्यासारखा हा अभ्यास आहे. फक्त मिनिटांची डायरी ठेवायला द्या आणि शेतात मजुरी करणाऱ्या बाईचा दिवस ‘निसर्गाचा सहवास’ धरायचा की नाही हे आधी ठरवा. आमच्या मते धरू नये, कारण तिथेही लक्ष कामातच गुंतलेलं असतं.

कोणताही हस्तक्षेप असला तर पहिली बाई नोंदवण्यापूर्वी सीटीआरआय या भारताच्या क्लिनिकल ट्रायल नोंदवहीत नोंदणी करा. नंतर केलेली नोंदणी २०१८पासून स्वीकारली जात नाही. चाचणी घेणाऱ्याला कोण कोणत्या गटात हे माहीत नसावं. तुलनेच्या गटालाही तितकाच वेळ द्या, मग तो व्यायामाच्या किंवा आहाराच्या गप्पांचा का असेना. सिस्टर आठवड्याला तासभर आस्थेने बोलते, एवढ्यानेच तक्रार कमी होते.

संमती आणि काळजी

संमतिपत्रात “किमोमुळे स्मरणशक्ती कमी होते का हे पाहण्यासाठी” असं लिहू नका. नेदरलँड्समधल्या अभ्यासांत नुसतं असं वाचायला दिल्यानेच तक्रारी वाढलेल्या दिसल्या. “उपचारांनंतर लक्ष, आठवण आणि रोजची कामं कशी चालतात हे समजून घेण्यासाठी” हे खरंही आहे आणि मनावर घाव न घालणारंही. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईचा अंगठा घेताना साक्षीदार अभ्यासाशी संबंध नसलेला हवा.

पीएचक्यू-९चा नववा प्रश्न जीव नकोसा होण्याबद्दल आहे. त्यावर ० सोडून काहीही उत्तर आलं तर तो कागद फाइलमध्ये ठेवून घरी जायचं नाही. त्याच वेळी बोला, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे पोहोचवा, टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक लिहून द्या. म्हणूनच चाचणीचे दिवस मानसोपचार ओपीडीच्या दिवसांशी जुळवून घ्या. नवी डोकेदुखी, सकाळची उलटी, फिट, एका बाजूची अशक्ती किंवा काही दिवसांत झपाट्याने वाढलेला गोंधळ दिसला तर ही बाई त्या क्षणापासून संशोधनाची सहभागी राहत नाही. त्याच दिवशी ऑन्कॉलॉजिस्टकडे न्या.

निघताना बाई हमखास विचारते, “सिस्टर, माझं कसं आलं?” एका चाचणीवरून पास-नापास सांगू नका, पण रिकाम्या हातीही पाठवू नका. मोठ्या अक्षरांतली एक मराठी चिठ्ठी द्या: हा त्रास बऱ्याच जणींना होतो आणि याचा अर्थ वेड लागलं असा नाही. हार्मोनची गोळी विस्मरणाच्या भीतीने स्वतःहून बंद करायची नाही, आधी डॉक्टरांशी बोलायचं. औषधांना सात कप्प्यांची डबी. किल्ली, चष्मा, मोबाईल यांची घरात एकच जागा. गॅस लावला की मोबाईलवर गजर. एका वेळी एक काम. बी-१२ किंवा थायरॉइडचा रिपोर्ट बिघडलेला असेल तर तो आकडा आणि कोणत्या ओपीडीत कोणत्या वारी जायचं, हे चिठ्ठीवर पेनाने लिहा, आणि तिच्या सोबत आलेल्या माणसालाही तिच्या परवानगीने वाचून दाखवा.